वेरूळचे तीर्थ आणि अहिल्याबाईंचा शोक

वाचकहो, भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायाचे नाव ‘अर्जुनविषादयोग’ असे आहे. नित्यपाठात हे नाव रोज तोंडी येते, पण आपण त्यापाशी थांबत नाही. जरा थांबून विचार केला तर प्रश्न पडतो. या अध्यायात अर्जुन काय करतो? त्याचे अंग कापते, हातातून धनुष्य गळते आणि तो रथात खाली बसतो. ना ज्ञान, ना कर्म, ना भक्ती. केवळ विषाद. मग विषादाला ‘योग’ का म्हणावे? जुने शास्त्री याचे उत्तर असे सांगत की, ज्या दुःखाने अर्जुन भगवंताच्या पायाशी आला आणि तेथून उठून आपल्या कर्तव्याला लागला, ते दुःख योग ठरले. तोच अर्जुन रडून रथाखाली उतरला असता आणि घरी गेला असता, तर त्या विषादाला कोणी योग म्हटले नसते. म्हणजे दुःख केवढे मोठे होते यावरून त्याचे नाव ठरत नाही. दुःखानंतर माणूस कोठे गेला, यावरून ते ठरते.

हा सिद्धांत पोथीत वाचायला सोपा आहे. इतिहासात तो कोणी जगून दाखवला का, हे पाहण्यासाठी फार लांब जायला नको. आपल्या छत्रपती संभाजीनगरापासून वेरूळ तीसेक किलोमीटरवर आहे. खुलताबाद तालुक्यातले हे गाव. लेणी पाहायला जगभरची माणसे येतात. श्रावणात आणि महाशिवरात्रीला घृष्णेश्वराच्या दर्शनाला रांगा लागतात. मात्र दर्शन झाल्यावर जवळच असलेल्या शिवालय तीर्थाकडे पाय वळवणारे थोडे. दगडी बांधणीचे मोठे कुंड, चारही बाजूंनी खाली उतरत जाणाऱ्या पायऱ्या आणि त्या उतरणीवर छोटी छोटी देवळे. या पाण्याशी एका पुत्रशोकाची कथा जोडलेली आहे. शिवपुराणातली ती कथा आपण ऐकली असेल, तरी पुढच्या विवेचनासाठी थोडक्यात सांगतो.

देवगिरीजवळ सुधर्मा नावाचा ब्राह्मण राहत असे. त्याची पत्नी सुदेहा. मूलबाळ नाही म्हणून सुदेहेने आपल्याच धाकट्या बहिणीशी, घुष्मेशी, नवऱ्याचे लग्न लावून दिले. घुष्मा शिवभक्त होती. रोज एकशे एक पार्थिव लिंगे करायची, पूजा करायची आणि ती तळ्यात विसर्जित करायची, हा तिचा नेम. तिला मुलगा झाला, तो वाढला, त्याचे लग्न झाले. सुदेहेच्या मनात मत्सर शिरला. एका रात्री तिने त्या मुलाला मारले आणि त्याच तळ्यात टाकले. सकाळी घरात आकांत झाला. घुष्मेचा नेम मात्र चुकला नाही. पूजा आटोपून ती विसर्जनाला तळ्यावर गेली, तेव्हा मुलगा पाण्यातून चालत बाहेर आला. भगवान शंकर प्रकट झाले, सुदेहेला शासन करायला निघाले. घुष्मेने दोन गोष्टी मागितल्या. बहिणीला क्षमा करा, आणि लोकांच्या कल्याणासाठी येथेच राहा. म्हणून ते ज्योतिर्लिंग वेरूळला आहे आणि त्याचे नाव त्या बाईच्या नावावरून पडले आहे.

कीर्तनात ही कथा सांगताना आम्ही मंडळी बहुधा दोन गोष्टींवर भर देतो. एक तिची निष्ठा, दुसरा मुलगा जिवंत होण्याचा चमत्कार. तिसरी गोष्ट घाईत मागे राहते, आणि मला तीच सगळ्यांत मोठी वाटते. देव समोर उभा असताना तिने जे मागितले ते स्वतःसाठी नव्हते. तिला तिचा मुलगा मिळाला होता, तिचे काम झाले होते. तरी ती म्हणाली, आता येथेच राहा, म्हणजे उद्या दुसऱ्या कोणाला दुःख झाले तर त्याला यायला जागा असेल. स्वतःच्या घरातल्या रडण्यातून तिने दुसऱ्यांसाठी एक ठिकाण निर्माण केले.

आता कोणी म्हणेल, महाराज, पुराणात मुलगा परत आला. आमच्या घरातला गेलेला माणूस परत येत नाही. मग आम्ही काय करावे? प्रश्न खरा आहे. त्याचे उत्तर पुराणात शोधण्यापेक्षा इतिहासात शोधावे, आणि तेही याच तीर्थावर सापडते.

वेरूळ हे भोसले घराण्याचे गाव. शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे यांनी येथील मंदिराचा जीर्णोद्धार केला. पुढे होळकर घराण्यातल्या गौतमाबाई आणि अहिल्याबाई या सासू-सुनांच्या हातून मंदिराचे आणि तीर्थाचे काम झाले. मराठवाड्यात आपल्याकडे तीन ज्योतिर्लिंगे मानली जातात, वेरूळचे घृष्णेश्वर, परळीचे वैजनाथ आणि औंढ्याचे नागनाथ. तिन्ही ठिकाणच्या जीर्णोद्धाराशी अहिल्याबाईंचे नाव निगडित आहे. आपल्या पंढरीत चंद्रभागेच्या काठी होळकर वाडा आणि त्यातले राममंदिर आहे, तेही त्यांचेच. वारीला गेलेल्या प्रत्येकाने तो वाडा पाहिलेला असतो. वाडा पाहिला, पण तो बांधणाऱ्या बाईचे घर कसे रिकामे होत गेले, याची आठवण आपण ठेवत नाही.

अहिल्याबाईंचा जन्म १७२५ सालचा. जामखेड तालुक्यातले चोंडी हे त्यांचे माहेर, आता अहिल्यानगर जिल्ह्यात. वडील माणकोजी शिंदे. राजघराणे नव्हे, गावातले पाटलाचे घर. तेथून ही मुलगी मल्हारराव होळकरांची सून झाली. मालेराव आणि मुक्ताबाई ही दोन मुले. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव तोफेच्या गोळ्याने गेले. अहिल्याबाई तेव्हा तिशीच्याही आत होत्या. १७६६ साली सासरे मल्हारराव गेले. त्यांच्यामागे सुभेदारी मालेरावांकडे आली, आणि वर्ष पुरे व्हायच्या आत, १७६७ साली, मालेरावही गेले. या मुलाने आईला सुखापेक्षा क्लेशच अधिक दिले, असे जुन्या लेखनात आढळते. पण मुलगा तो मुलगाच. पुढे उतारवयात नातू नथ्याबा गेला, मग जावई यशवंतराव फणसे गेले, आणि जावयामागे एकुलती लेक मुक्ताबाई सती गेली. १७९५ साली अहिल्याबाईंनी देह ठेवला, तेव्हा त्यांच्या पोटचे कोणीही उरले नव्हते.

ही नुसती यादी वाचली तरी छाती दडपते. एवढे मृत्यू पाहिलेली बाई पोथी घेऊन कोपऱ्यात बसली असती, तर कोणी नाव ठेवले नसते. उलट, मोठी विरक्त म्हणून पूजा झाली असती. मग त्या कोपऱ्यात का बसल्या नाहीत?

याची सुरुवात १७५४ सालच्या एका प्रसंगात आहे. खंडेराव पडले, तेव्हा त्या काळच्या रूढीप्रमाणे अहिल्याबाई सती जायला निघाल्या. परंपरा सांगते की मल्हाररावांनी त्यांना अडवले. सासऱ्याने सुनेपुढे पदर पसरावा, असा तो प्रसंग. म्हाताऱ्या मल्हाररावांचे म्हणणे असे की मुलगा तर गेला, आता तूही गेलीस तर हे घर आणि ही रयत कोणाच्या तोंडाकडे पाहणार? अहिल्याबाई थांबल्या. समजून घ्या, त्या काळात थांबणे हेच कठीण होते. अग्नीत जाणाऱ्या बाईच्या नावाने जयजयकार होत असे. मागे राहणाऱ्या विधवेच्या वाट्याला लोकांचे बोल येत. त्यांनी जयजयकार सोडला आणि काम पत्करले. मल्हाररावांनी त्यांना हिशेब, पत्रव्यवहार, तोफखान्याची आणि फौजेची व्यवस्था, सारे शिकवले. शोकाला पहिल्यांदा काम मिळाले ते येथे.

मालेराव गेल्यावर दुसरी परीक्षा झाली. दौलतीला वारस नाही, बाई एकटी, म्हणून दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी दत्तक घेऊन कारभार दुसऱ्याच्या हाती द्यावा, असा घाट घातला. राघोबादादाही सैन्य घेऊन निघाले. अहिल्याबाईंनी बाणेदारपणे उत्तर दिले, माधवराव पेशव्यांनी त्यांची बाजू घेतली आणि कारभार त्यांच्याकडेच राहिला. फौजेचे काम तुकोजी होळकरांकडे दिले आणि राजधानी नर्मदेकाठी महेश्वरला केली. पुत्र जाऊन वर्ष झालेले नाही, अशा अवस्थेत ही बाई रयतेच्या फिर्यादी ऐकायला बसली.

त्यांनी काय केले, याची साक्ष मी भक्ताच्या लेखणीतून देत नाही. सर जॉन माल्कम हा इंग्रज सेनानी १८१७ साली महिदपूरच्या लढाईत होळकरांच्या विरुद्ध लढला होता. तो पुढे माळव्याचा कारभार पाहू लागला. त्याने जुन्या माणसांना विचारून विचारून मध्य हिंदुस्थानचा वृत्तांत लिहिला, तो १८२३ साली छापला गेला. शत्रुपक्षातल्या या माणसाने अहिल्याबाईंच्या दिवसाचे वर्णन केले आहे. पहाटे उजाडण्यापूर्वी उठणे, पूजा, पुराणश्रवण, दानधर्म, मग साधे जेवण. दुपारपासून संध्याकाळपर्यंत दरबार. पुन्हा दोन-तीन तास पूजा, आणि रात्री नऊपासून अकरापर्यंत परत कारभार. वर्षानुवर्षे हा क्रम. आपल्या संप्रदायात ज्याला नेम म्हणतात तो हाच. फरक इतकाच की त्यांच्या नेमात रयतेची फिर्यादही पूजेइतकीच वेळेवर होती.

त्याच वृत्तांतात एक बारीकशी नोंद आहे. वाचकहो, ती मला मोठमोठ्या मंदिरांपेक्षा मोलाची वाटते. उन्हाळ्यात वाटसरूंना पाणी देण्यासाठी रस्त्यांवर माणसे नेमलेली असत. थंडी सुरू झाली की गरिबांना आणि अपंगांना कपडे वाटले जात. आणि महेश्वरच्या आसपासच्या शिवारात नांगर चालू असताना बाईंचा माणूस येऊन औत थांबवी आणि बैलांना पाणी पाजी. उभ्या पिकावर पाखरे बसली तर कुणबी गोफणीने त्यांना हाकलतो, आणि ते त्याचे बरोबरच आहे, असे बाई म्हणत. म्हणून त्यांनी काही शेते विकत घेतली आणि पाखरांसाठी मोकळी सोडली. शेतकऱ्याचे नुकसान नाही आणि पाखरू उपाशी नाही. ज्याच्या हाती तोफा होत्या, त्या घराण्याच्या धनिणीला औताच्या बैलाची तहान कळली. ही जाण कोठून आली? मला वाटते, चोंडीच्या पाटलाच्या वाड्यातून आणि स्वतःच्या दुःखातून. ज्याला लागलेले असते त्याला दुसऱ्याचे लागणे कळते.

कोणी शंका घेईल की अहिल्याबाईंनी तर मंदिरेच बांधली. काशी विश्वनाथ, सोमनाथ, गयेचे विष्णुपद. त्यात खेड्यातल्या गरिबाचे काय? शंका वाजवी आहे. पण त्या कामांची जात पाहा. देवळाबरोबर घाट, घाटाबरोबर विहीर, विहिरीबरोबर धर्मशाळा आणि अन्नछत्र. पालखीतून जाणाऱ्याला या गोष्टींची गरज नव्हती. पायी चालणाऱ्याला होती. आपण वारकरी चालणारे लोक. वाटेवरच्या विहिरीची किंमत आपल्याला कोणी शिकवायला नको. शिवाय ही कामे दगडाची आणि हातांची होती. पाथरवट, गवंडी, बेलदार, गाडीवान यांच्या चुली त्यांवर पेटल्या. महेश्वरला त्यांनी विणकर आणून वसवले, त्यांच्या मागांवरची लुगडी आजही महेश्वरी म्हणून विकली जातात. रस्त्यावर लूट करणाऱ्या भिल्लांना आधी आवरले, पण तेवढ्यावर सोडले नाही. त्यांच्या मुलखातून जाणाऱ्या मालावर थोडासा कर घेण्याचा त्यांचा जुना हक्क मान्य केला. त्याला भिलकवडी म्हणत. त्याबदल्यात त्या वाटेवर चोरी झाली तर भरपाईची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. उपाशी माणसाला नुसता दंड करून भागत नाही, त्याच्या पोटाची सोय करावी लागते, हे त्यांना उमगले होते.

हा खर्च कोठून झाला, तेही सांगतो. होळकरांच्या दौलतीत सरकारी खजिना वेगळा आणि घरच्या बाईची खासगी वेगळी. अहिल्याबाईंनी धर्मकार्याला खासगीचा पैसा लावला. त्या पैशावर त्यांनी तुळशीपत्र ठेवले, असे परंपरा सांगते. तुळशीपत्र ठेवले म्हणजे ते आपले उरले नाही. रयतेच्या सारावसुलीतून स्वतःच्या पुण्याची सोय करणे त्यांना मान्य नव्हते.

आणखी एक नोंद आपल्या विषयाच्या गाभ्याची आहे. वारस नसताना श्रीमंत माणूस मेला तर त्याच्या संपत्तीवर सरकारची नजर जावी, अशी त्या काळची रीत. खरगोणच्या दोन सावकारांच्या विधवांनी आपली संपत्ती आपण होऊन अहिल्याबाईंपुढे ठेवली. बाईंनी ती घेतली नाही. ज्याने लोकांचे भले होईल अशा कामाला ती लावा, असा सल्ला दिला. त्या पैशातून खरगोणला कुंदा नदीवर घाट झाला आणि गणपतीचे मंदिर झाले. एका विधवेने दुसऱ्या विधवांना आपल्या दुःखातून जायची वाट दाखवली. हे राज्यकर्त्याचे शहाणपण तर होतेच, पण त्यात अनुभवही होता.

इतके ऐकल्यावर आपला एक समज होण्याचा धोका आहे. तो असा की, माणूस कामाला लागला की शोक संपतो. तसे नाही. १७९१ साली मुक्ताबाई सती जायला निघाली, तेव्हा अहिल्याबाई पासष्टी ओलांडलेल्या होत्या. त्यांनी लेकीला परोपरीने विनवले, जमिनीवर लोटांगण घातले. मुलीचे म्हणणे असे की मुलगा गेला, नवरा गेला, आणि आई, तू गेल्यावर माझे कोण? ती ऐकली नाही. चितेजवळ अहिल्याबाईंना दोघांनी धरून ठेवावे लागले. वेदनेने त्यांनी स्वतःचे हात चावले. नर्मदेत स्नान करून वाड्यात परतल्या, त्या तीन दिवस अन्नाला शिवल्या नाहीत आणि कोणाशी बोलल्या नाहीत. एवढे अन्नदान, एवढी तीर्थे, एवढी पुराणे ऐकून झाल्यावरची ही स्थिती आहे. म्हणून ज्यांच्या घरी दुःख झाले त्यांना मी सांगतो, रडू आले तर भक्ती कमी पडली असे समजू नका. अहिल्याबाईसुद्धा रडल्या. पण तीन दिवसांनंतर त्या उठल्या, आणि शेवटपर्यंत कारभार पाहत राहिल्या.

आणि येथेच दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहा. १७५४ साली सून थांबली, तिच्यामागे एकेचाळीस वर्षे हजारो माणसांना पाणी, अन्न, न्याय मिळाला. १७९१ साली लेक थांबली नाही, तिच्यामागे आईने बांधलेली एक छत्री राहिली. मी मुक्ताबाईंना दोष देत नाही. त्या रूढीचा तो दोष. पण रूढीने जिचा गौरव केला तिच्या हातून कोणाचे अश्रू पुसले गेले नाहीत, आणि रूढी मोडून जी जगली तिने देशभर घाट बांधले, हे सत्य आहे. सतीची रूढी गेली. तरी दुःखात स्वतःला जाळून घेणे अजून गेलेले नाही. व्यसनात, कर्जात, अबोल्यात माणसे जळतातच.

वारकऱ्याला याहून जवळचे उदाहरण हवे असेल तर देहूला चला. शके १५५१-५२ च्या सुमारास, म्हणजे १६२९-३० साली, जो दुष्काळ पडला त्यात तुकोबारायांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा संतू गेला. आई-वडील आधीच गेले होते. माझ्या पिढीने १९७२ चा दुष्काळ पाहिला, तेव्हा खडी फोडायला काम होते आणि सुकडी मिळत होती. तुकोबांच्या काळी काहीच नव्हते. घर महाजनाचे, लोकांना दिलेल्या कर्जाची खते घरात पडलेली. महिपतींनी पुढचा प्रसंग सांगितला आहे. तुकोबांनी खते इंद्रायणीत बुडवायला काढली. धाकटे बंधू कान्होबा म्हणाले, दादा, तुम्ही विरक्त झालात, पण माझा संसार आहे. तुकोबांनी खतांचे दोन वाटे केले. कान्होबांचा वाटा त्यांच्या हाती दिला आणि फक्त आपला वाटा पाण्यात सोडला.

या प्रसंगात दानाचे सगळे शास्त्र आले. ज्या दुष्काळाने तुकोबांचे घर बसले, त्याच दुष्काळाने देहूच्या कुणब्यांची घरे बसली होती. तुकोबांनी आपल्या दुःखात त्यांचे दुःख ओळखले आणि त्यांच्या डोक्यावरचे ओझे उतरवले. पण भावाच्या हिश्शाचे पुण्य केले नाही. दान आपल्या वाट्यातून. अहिल्याबाईंची खासगी आणि तुकोबांचा अर्धा वाटा, या दोन्हींचा अर्थ एकच.

विसाव्या शतकात गाडगेबाबांनी तीच वाट धरली. वडील झिंगराजी दारूने गेले, घरदार गेले, आणि मामाच्या घरी वाढलेल्या त्या मुलाने जन्मभर खेड्याखेड्यांत कीर्तनातून दारू, कर्ज आणि नवसाची कत्तल यांविरुद्ध सांगितले. १९२३ साली कोकणात खारेपाटणला कीर्तन चालू असताना एकुलता मुलगा गोविंद गेल्याची बातमी आली, तरी बाबांनी कीर्तन थांबवले नाही. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक येथे गरीब यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभ्या केल्या आणि त्या विश्वस्तांच्या हाती सोपवून स्वतः झोपडीत राहिले. बाबांची ती धारणा आपल्याला झेपेल असे नाही. पण त्यांच्या धर्मशाळेत उतरणारा वारकरी कोणाच्या दुःखाच्या सावलीत झोपतो, हे त्याला ठाऊक असावे.

या तीन चरित्रांतून मला तीन कसोट्या दिसतात. पहिली, दान आपल्या वाट्याचे असावे, कर्जाचे किंवा दुसऱ्याच्या हक्काचे नसावे. दुसरी, ते ज्याला तहान आहे त्याच्यापर्यंत पोहोचावे. बैल औताला जुंपलेला असतो, तो पाण्यापाशी येऊ शकत नाही, पाणी त्याच्याकडे न्यावे लागते. तिसरी, गेलेल्याचे नाव मोठे करणे हा हेतू नसावा. नाव राहिले तर राहो, पण विहिरीतले पाणी नाव वाचून प्यायचे नसते.

आता आपल्या गावांकडे पाहू. वैजापूर, गंगापूर, कन्नड, सिल्लोड, पैठण या तालुक्यांत दशक्रिया आणि पुण्यस्मरणाची कीर्तने मी पुष्कळ केली. शोकाच्या घरी हरिनाम जावे, ही आपली परंपरा चांगली आहे. पण हळूहळू त्याला वेगळे रूप आले. मोठा मांडव, चौकाचौकांत फलक, ध्वनिक्षेपक, हजार-दोन हजार पाने. ज्यांची ऐपत आहे त्यांनी केले, म्हणून ज्यांची नाही त्यांनाही करावे लागते. बाप गेला, त्याचे बँकेचे कर्ज तसेच आहे, आणि मुलगा बापाच्या गंधमुक्तीसाठी सावकाराकडे जातो. दोन वर्षे पाऊस नाही, कापूस गेला, तरी पंगत उठलीच पाहिजे. वाचकहो, पहिल्या कसोटीवरच हे उतरत नाही. मेलेल्याच्या नावाने जिवंत माणसाच्या गळ्यात खत अडकवायचे, हे खते बुडवणाऱ्या तुकोबांच्या संप्रदायात बसते का?

कोणी म्हणेल, अन्नदान शास्त्रात सांगितले आहे. सांगितले आहे, मी ते नाकारत नाही. पण कोणाला, तेही पाहा. आपल्याच जिल्ह्यात पैठणला नाथमहाराजांच्या घरी श्राद्धाचा स्वयंपाक झाला होता. त्याचा वास घेत गावकुसाबाहेरची भुकेली माणसे दाराशी आली. नाथांनी ब्राह्मणांच्या पानावरचे ते अन्न आधी त्या भुकेल्यांना वाढले. त्यासाठी गावाचा राग सोसला. श्राद्धाचे अन्न पितरांना कसे पोहोचते, याचे उत्तर नाथांनी दिले की ते भुकेल्याच्या मुखातून पोहोचते. आपल्या हजार पानांत भुकेला किती आणि सोयरा किती, हा हिशेब ज्याने त्याने आपल्या मनाशी करावा.

मराठवाड्यात तहान अजून सरलेली नाही. शिवारातल्या जुन्या विहिरी गाळाने भरल्या आहेत. गुरांच्या हाळी फुटल्या आहेत. वस्तीवरच्या शाळेत पिण्याच्या पाण्याची टाकी नसते. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची मुलगी बारावीनंतर घरी बसते, कारण तालुक्याला जायला एसटीच्या पासाचे पैसे नाहीत. ही कामे राजाने करावीत अशी नाहीत. एका तेराव्याच्या खर्चात यातले एखादे होते. काही गावांत अशी सुरुवात झालेली मी पाहिली आहे. अस्थी नदीत न सोडता शेतात खड्डा करून त्यावर आंब्याचे किंवा चिंचेचे झाड लावतात, पंगत भाऊबंदांपुरती ठेवून उरलेल्या पैशात हाळ दुरुस्त करतात. तेथे कीर्तन ऐकायला माणसे कमी आली नाहीत. टाळ तेवढेच वाजले.

कीर्तनकारांनाही एक विनंती आहे. वयाच्या अधिकाराने करतो. पुण्यस्मरणाचे आमंत्रण आले की बिदागीच्या आधी एक प्रश्न विचारावा, या निमित्ताने गावात कोणते काम होणार आहे? घरची मंडळी गरीब असतील तर त्यांना सांगावे की कर्ज काढू नका, मी विनाबिदागी येतो आणि चार अभंग म्हणून जातो. ऐपतदार असतील तर सांगावे की मांडव लहान करा आणि विहिरीचा गाळ काढा. हे कीर्तनकाराने सांगितले तर घराला लोकलाजेतून सुटका मिळते. खरगोणच्या विधवांना अहिल्याबाईंनी तेच केले होते, मार्ग सांगितला आणि बाजूला झाल्या.

शोक टळत नाही. ज्याच्या घरी अजून गेला नाही, त्याच्याही घरी तो जाणार आहे. त्या दिवशी शास्त्र, मान, सोयरे, सगळे दाराशी उभे राहतील, आणि घरातला जबाबदार माणूस रडतरडतच निर्णय घेईल. म्हणून हे आधीच ठरवून ठेवावे. घरातल्या जाणत्यांनी जिवंतपणीच मुलांना सांगावे की माझ्यामागे फलक लावू नका, आपल्या बांधावरच्या विहिरीला पायऱ्या बांधा, म्हणजे म्हातारी बाईसुद्धा पाण्यापर्यंत उतरेल. एवढे सांगून ठेवले की पुढचे काम पांडुरंगाचे.

राम कृष्ण हरि.